तिसरी शिट्टी

पहिल्यांदा शिट्टी फुंकली तेव्हा आवाजाऐवजी तोंडातून पाणीच बाहेर आलं. दुसऱ्यांदा नीट वाजली. तिसऱ्यांदा वाजवली आणि मी वाळूत गुडघे टेकून, सरांनी शिकवल्याप्रमाणे, साठपर्यंत आकडे मोजायला लागले.

सकाळचे नऊ वाजले असतील. नोव्हेंबरचं धुकं नदीवर असं बसलं होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाच मिनिटांपूर्वी आम्ही तिघं एका डोंग्यात होतो. मागे वल्हं मारणारा सोमाजी दिघोरे, मध्ये मी, पुढे कोंतमवार सर. नदीच्या उतारावर, पाणी खळाळतं तिथे, डोंगा आडवा झाला, दगडाला घासला आणि उलटला. तांदळाचं पोतं, भांडी, तंबू, माझे बूट, सगळं नदीनं नेलं. मी वाहत वाहत डाव्या काठाला लागले. ते दोघं कुठे गेले ते मला दिसलंच नाही.

माझ्यापाशी उरला होता तो कमरेचा बटवा.

कोंतमवार सर शाळेतून निवृत्त झालेले. चंद्रपुरात त्यांचं एक छोटं मंडळ होतं. दरवर्षी पावसाळा सरला की हौशी माणसांना घेऊन ते एखाद्या नदीतून चार-पाच दिवस प्रवास करायचे. येणाऱ्या प्रत्येकासाठी रेनकोटच्या कापडाचा एक बटवा ते बायकोच्या मशिनवर स्वतः शिवायचे. ओंजळीत मावेल एवढा. आत फिल्मच्या रोळाची डबी, तिच्यात काडेपेटीच्या काड्या आणि घासायची पट्टी, झाकणावर मेणबत्तीचं मेण ओतलेलं. अर्धं ब्लेड. ओआरएसची चार पाकिटं. पाण्यात टाकायच्या गोळ्या. क्रेप बँडेज, नायलॉनची दोरी, छोटा आरसा. आणि गळ्यात शिट्टी. झोपतानासुद्धा हे काढायचं नाही, असा नियम होता. कुणी कुरकुर केली की सर म्हणायचे, "डोंग्यात आहे ते नदीचं. अंगावर आहे तेवढंच तुझं."

नदीचं नाव मी सांगणार नाही. काही माणसांची नावंही मी बदलली आहेत.

आदल्या वर्षी याच उतारावर आमचा एक डोंगा उलटला होता. तेव्हा आम्ही सात जण होतो. सहा जण उजव्या काठाला लागलो. निशिकांत येरगुडे लागला नाही. बल्लारपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, एकतीस वर्षांचा होता. तीन दिवस शोधूनही तो सापडला नाही. त्याला वर्ष झालं म्हणून त्याच्या बायकोनं, ज्योत्स्नानं, दिलेली शेवंतीची फुलं त्याच ठिकाणी सोडायला आम्ही निघालो होतो. मंडळातलं बाकी कुणी पुन्हा त्या नदीवर यायला तयार झालं नाही. फुलं आमच्याआधीच पाण्यात गेली.

मी चाळीसपर्यंत पोचले असेन. तेवढ्यात उत्तर आलं.

नदीकडून नाही. माझ्या पाठीमागून, जंगलातून. एक लांब शिट्टी. मग एक तोकडी. मग तिसरी, पण ती वाजलीच नाही. फुंकणाऱ्याच्या छातीत वारा संपावा तशी नुसती फुस्स झाली.

सर काठाला लागले आहेत, असं मला वाटलं. लागलेत, आणि जखमी आहेत. मी त्याच वेळी उठले. उजव्या पायाचा तळवा फाटला होता, त्याला बँडेज गुंडाळलं आणि आवाजाच्या दिशेनं चालायला लागले.

तिथे एक नाला नदीला येऊन मिळत होता. मी त्याच्या काठानं वर चढले. थोड्या अंतरावर थांबून पुन्हा तीन शिट्ट्या दिल्या. या वेळी मोजावं लागलं नाही. लगेच आली. लांब, तोकडी, आणि हवा.

मी ओरडले, "सर, मी चारू! तिथेच थांबा!"

शब्दानं उत्तर आलं नाही. परत शिट्टीच आली.

असं मी चार-पाच वेळा केलं. सागाची पानं धुक्यानं ओली होऊन टपटप गळत होती, दुसरा आवाज नव्हता. माकड नाही, कोंबडा नाही. दर वेळी आवाज आणखी थोडा पुढे सरकलेला असायचा. जखमी माणूस एवढ्या वेगानं वर का चढतोय, हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. पण त्याआधी दुसरीच गोष्ट ध्यानात आली आणि मी जागच्या जागी उभी राहिले.

प्रत्येक वेळी आवाज अगदी तसाच होता. लांब तेवढीच लांब. तोकडी तेवढीच तोकडी. शेवटची हवासुद्धा तितकीच. दमलेला माणूस दर वेळी सारखा दमत नाही.

मी शिट्टी ओठांपासून खाली घेतली. ठरवलं, आता वाजवायची नाही. मिनिटभर सगळं शांत राहिलं. मग मी न विचारताच ती आली. आणि आता ती माझ्या मागे होती, माझ्या आणि नदीच्या मधे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. जिल्ह्याच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करायचे. भुताखेतांच्या गोष्टी ऐकताना मला हसू यायचं. त्या सकाळी हसू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच नाव होतं आणि ते मी मनातल्या मनातसुद्धा उच्चारत नव्हते. मागे फिरावं तर आवाज वाटेत. नुसतं उभं राहावं तर धुक्यात कोण कुठून येईल याची वाट बघायची. शेवटी मी वरच गेले. जिथून पहिल्यांदा शिट्टी आली होती, त्या बाजूला.

नाल्याच्या वरच्या अंगाला वाळूच्या दगडाची एक कपार होती. माणूस वाकून आत शिरेल एवढी. छतातून पाण्याचा थेंब पडत होता आणि त्याच्याखाली कुणीतरी दगडात चांगली वाटीभर खळगी कोरली होती. शेजारी राख. जुनी, घट्ट बसलेली. राखेजवळ फिल्मच्या रोळाची एक डबी, रिकामी.

मी आधी माझ्या कमरेला हात लावला. माझी डबी बटव्यात होती.

पुढे ओआरएसची पाकिटं दिसली. चार. चारही कापून रिकामी केलेली, नीट घड्या घालून दगडाखाली ठेवलेली. नंतर दोन सरळ फांद्या, त्यांच्याभोवती गुंडाळलेलं आणि काळं पडलेलं बँडेज. पाय मोडलेल्या माणसानं स्वतःच स्वतःला बांधलेलं. आणि कोपऱ्यात रेनकोटचं कापड. त्यावरची दुहेरी शिवण मला ओळखू आली. तशीच माझ्या बटव्यावर होती.

कपारीखालच्या उतारावर, पाचोळ्यात, आणखी जे होतं ते मी बघितलं. त्याबद्दल सांगत नाही.

आतल्या भिंतीवर ब्लेडनं ओढलेल्या रेघा होत्या. उभ्या, बोटभर लांब, शेजारी शेजारी. सुरुवातीच्या खोल, शेवटच्या नुसत्या खरचटल्यासारख्या. मी त्या मोजल्या. मग परत मोजल्या.

त्याच वेळी खाली नदीकडून शिट्टी वाजली. दणदणीत. तीन, तिन्ही सारख्या, तिन्ही छातीतून आलेल्या. ते सर होते, यात शंकाच नव्हती. आणि त्या संपायच्या आत, माझ्या डोक्यावरच्या बेहड्यातून उत्तर गेलं. लांब, तोकडी, हवा.

मी वर बघितलं. धुकं जरा विरळ झालं होतं. फांदीवर एक काळा पक्षी बसला होता. डोक्यावर तुरा, शेपटीतून निघालेल्या दोन लांब तारा, तारांच्या टोकाला पिसाचं एकेक पान. भृंगराज; नदीकाठचे लोक त्याला भीमराज म्हणतात. त्यानं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तीच शिट्टी घातली.

मला हायसं वाटायला हवं होतं. पक्षी होता, भूत नव्हतं. पण अंगावरचा काटा जाईना. भृंगराज नकला करतो. जे कानावर पडतं ते उचलतो, पण एकदा ऐकून नाही. पुन्हा पुन्हा पडावं लागतं. त्याला ही शिट्टी कुणी शिकवली आणि तो माणूस किती वेळ वाजवत बसला होता, ते त्या कपारीत माझ्यासमोर होतं.

मी शिट्ट्या देत राहिले आणि ते दोघं आवाजानं वर आले. सोमाजीनं सरांचा हात धरला होता. सरांचा चष्मा नदीत गेला होता आणि चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचंही धड दिसायचं नाही. कपाळावरून रक्त ओघळून भुवईत सुकलं होतं. मी कुठे आहे हे कळल्यावर ते आधी हसले. मला काही मोडलंबिडलं नाही ना, ते विचारलं. मग पक्ष्यानं शिट्टी घातली आणि त्यांचं हसणं थांबलं.

मी त्यांना डबी हातात दिली. काय काय आहे ते एकेक करून सांगितलं. ते ऐकत होते, पण कान झाडाकडे होते. पक्षी थांबत नव्हता.

सोमाजी उतारावरच्या पाचोळ्यापाशी जाऊन उभा राहिला. त्यानं डोक्याचं फडकं काढलं. वळला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. तो ढिवर माणूस, जन्म नदीवर गेलेला, साठीला आलेला; सरांना तो कधी उलटून बोलला नव्हता.

"सर," तो म्हणाला, "त्या दिशी म्या तुमाले सांगतलं होतं."

सर हातातली डबी चाचपत राहिले.

"तिसऱ्या दिशी. आपून तिकडच्या काठाले होतो. म्या म्हनलो, सर, पल्याड शिट्टी वाजते. तुमी म्हनले, सोमाजी, तो भीमराज हाये. आपल्याच शिट्ट्या आयकून नक्कल करते."

"म्हणालो होतो," सर म्हणाले.

मलाही ते आठवत होतं. आजवर मी ते आठवू दिलं नव्हतं, एवढंच. तीन दिवस शिट्ट्या देत, हाका मारत आम्ही उजवा काठ खालपर्यंत पिंजून काढला होता. पाण्याचा सगळा जोर उजवीकडे जातो, डावीकडे माणूस लागणारच नाही, असा सरांचा हिशेब होता. तिसऱ्या दिवशी दुपारी पलीकडून अगदी पुसट तीन शिट्ट्या आल्या. सोमाजीनं ऐकल्या, मी ऐकल्या, आणखी दोघांनी ऐकल्या. सरांनी आदल्याच संध्याकाळी आम्हाला एक भृंगराज दाखवला होता. तो शिक्र्याचा आवाज काढत होता, मग पोपटाचा. सरांना पक्ष्यांतलं कळायचं. त्यांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, भृंगराज. आम्ही मान डोलावली. खरं सांगायचं तर आम्हाला बरंच वाटलं. आम्ही दमलो होतो, भिजलो होतो, आणि घरी जायचं होतं. तासाभरानं सामान आवरलं.

"तेव्हा तो भृंगराज नव्हता," सर म्हणाले. हळू आवाजात, पाठ म्हटल्यासारखं. "दोन-तीन दिवसांत तो शिकत नाही. मला ठाऊक होतं. मला हे ठाऊक होतं, चारू."

मग त्यांनी विचारलं, "चिठ्ठी वगैरे आहे का? काही लिहिलंय?"

"चिठ्ठी नाही. भिंतीवर रेघा आहेत."

"दिवसाला एक?"

"तशाच असाव्यात."

"किती?"

रेघा बारा होत्या. मी दोनदा मोजल्या होत्या. माझ्यासमोर एक म्हातारा माणूस उभा होता, डोळ्यांनी आंधळा झालेला, कपाळाला रक्त, हातात ती रिकामी डबी.

"चार," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग हात पुढे करून, चाचपडत, ते कपारीत शिरले. भिंतीला तळवा लावून बराच वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं, प्रार्थना करतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चालत एका गावात पोचलो, तिथून ठाण्यात. पोलीस आले, पंचनामा झाला. भिंतीबद्दल हवालदारानं लिहिलं, "खडकावर ओरखडे, बहुधा अस्वलाचे." मी काही बोलले नाही. सोमाजीही बोलला नाही. त्यानं त्या रेघा मोजल्या होत्या की नाही, मला माहीत नाही.

आठवड्यानं सर आणि मी बल्लारपूरला ज्योत्स्नाकडे गेलो. तिचे सासू-सासरे आतल्या खोलीत होते. ती बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसली, आम्हाला खुर्च्या दिल्या. तोवर पोलिसांनी तिला काय सापडलं ते कळवलं होतं. सरांनी बाकीचं सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवसाची शिट्टी, आपण काय म्हणालो ते, तासाभरात सामान कसं आवरलं ते, भिंतीवर दिवसाला एक अशा रेघा आहेत ते. स्वतःला वाचवण्यासाठी एक शब्दही त्यांनी फिरवला नाही. मी पुढ्यातल्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होते.

ती रडली नाही, चिडली नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं मलाच विचारलं, "रेघा तुम्ही बघितल्यात ना?"

"हो."

"किती होत्या?"

"चार," मी म्हणाले. का विचारता, असं काही मी म्हटलं नाही, पण तीच सांगायला लागली. पाचव्या दिवशी सर घरी येऊन सांगून गेले की तो पाण्यात पडला त्याच क्षणी गेला, त्याला काही कळलंही नसेल. नदीनं नेलेलं माणूस अधांतरी ठेवू नये म्हणून सासऱ्यांनी दर्भाचा पुतळा करून जाळला. तो बुडाला त्या दिवसापासून मोजून दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले. कावळे झाडावर भरपूर होते, एकही खाली उतरेना. दोन तास झाले. घरातल्या प्रत्येकानं हात जोडून काही ना काही कबूल केलं. तिनं स्वतः सांगितलं, तुझ्या आई-बाबांना मी सोडून जाणार नाही. तरी कावळा शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

"सगळे म्हणाले, काहीतरी इच्छा राहिली असेल," ती म्हणाली. "पण मला वर्षभर एकच वाटतंय. तो गेलेला माणूस नव्हताच त्या दिवशी. म्हणून शिवला नाही. मी कुणाला बोलले नाही हे. तुम्हीच सांगा, चार रेघा म्हणजे दहाव्याला तो नव्हता ना?"

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"नव्हता," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. चारच होत्या."

तिनं डोळे मिटले. मग उठली, आत गेली, आणि आमच्यासाठी पोहे करून घेऊन आली. सासू दारात येऊन म्हणाली, आज वर्षानं तिनं कुणासाठी काही रांधलं. आम्ही दोघांनी ते पोहे संपवले.

स्टँडवर आलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. चंद्रपूरची बस लागलेली नव्हती. सर एका खांबाला टेकून उभे होते. नवा चष्मा त्यांना सैल होत होता, सारखा नाकावरून घसरायचा. मग ते म्हणाले, "त्या दिवशी भिंतीला हात लावला होता ना मी."

"हो."

"दगड मऊ आहे तिथला. बोटांना रेघा लागतात."

मी बस लागते त्या जागेकडे बघत राहिले.

"मी तिथेच सांगायला हवं होतं तुला, की मला कळलंय म्हणून," ते म्हणाले. "आणि मघाशी तिलाही सांगायला हवं होतं. दोन्ही वेळा गप्प बसलो."

किती मोजल्या, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बस आली. अर्धी रिकामी होती. सर पुढच्या बाकावर बसले, मी मागे जाऊन खिडकीजवळ बसले, आणि चंद्रपूर येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे वळून बघितलं नाही.